न आलेल्या जवाबांचे दस्तगीरसाहेब

दस्तगीरसाहेबांना बोलणाऱ्या माणसांत फारसा रस नव्हता. दफ्तरात चौघं गप्पा मारत बसले की हे हमखास पाचव्याकडं बघत, जो काहीच बोलत नसे. "ह्यांचं कळलं," ते हळूच म्हणायचे, "ह्या मियांच्या पोटात काय आहे?" आणि मग काहीतरी निमित्त काढून त्या बिचाऱ्याला व्हरांड्यात घेऊन जात. पाच मिनिटांनी परत येत, तेव्हा चौघांच्या तासाभराच्या गप्पांत न आलेली एखादी गोष्ट त्यांना कळलेली असे.

निजामाच्या राजवटीतली ही गोष्ट. औरंगाबादेत आमचं सेहतीचं, म्हणजे आरोग्याचं, जिल्हा दफ्तर होतं. गावोगाव फिरून पोरांना देवी काढणारी, म्हणजे देवीची लस टोचणारी, जी सरकारी माणसं असत, त्यांचा कागदोपत्री कारभार आमच्याकडं. लोक त्यांना 'देवीचा डाक्टर' म्हणत, जरी डाक्टरकीशी त्यांचा संबंध एक टोचणी आणि लसीच्या चार नळ्या एवढाच असला तरी. मी नुकताच अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून लागलो होतो. दस्तगीरसाहेब माझ्याहून तीस वर्षांनी वडील, आणि दफ्तरातले सगळ्यांत जुने अहलकार.

उंची बेताची, पोट मात्र बेताचं नाही. शेरवानीची सगळी बटणं एका जातीची असं मी कधी पाहिलं नाही. उस्मानपुऱ्यातल्या घरून ते सायकलवर येत. त्यांना सायकल चालवता येत असे, पण तिच्यावर चढता येत नसे. त्यासाठी एखादा दगड किंवा ओटा लागे. त्यामुळं वाटेत कुणी हटकलं आणि उतरावं लागलं, की पुढचा ओटा येईपर्यंत ते सायकल हातात धरून चालत, आणि तेवढ्या वेळात आणखी दोघातिघांशी बोलून घेत. दफ्तराला उशीर झाला की कारण विचारायची गरज नसे.

दफ्तरासमोर इस्माईलचं चहाचं हॉटेल होतं. इस्माईल प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा, "चाय कैसी?" आणि प्रत्येक जण म्हणायचा, "फस्क्लास!" तरी त्याचा धंदा उतरत चालला होता. बिचारा हैराण. एके दिवशी दस्तगीरसाहेब उठले आणि रस्त्याच्या पलीकडं जाऊन उभे राहिले. इस्माईलचं हॉटेल ओलांडून पुढच्या हॉटेलात जाणाऱ्या लोकांना ते अडवायला लागले. "भाई, एक सवाल. तुम्ही इथं का नाही जात?" तासाभरानं परत आले आणि इस्माईलला म्हणाले, "तुझ्या कपांना कांद्याचा वास येतो."

"पन साब, आजतक किसीने बोल्या नई!"

"अरे, ज्यांना वास आला ते पुन्हा आले कुठं तुला सांगायला? ज्याला तू विचारतोस तो तर तुझा चहा पीत बसलेला असतो."

इस्माईलनं कप आणि कांद्याची ताटली वेगवेगळ्या बादल्यांत धुवायला सुरुवात केली. त्यानंतर दस्तगीरसाहेबांचा चहा तो नेहमी बशी भरून सांडेपर्यंत ओतायचा.

आता मोठी गोष्ट सांगतो. त्या साली थंडी सरताना हैदराबादेहून फर्मान आलं की, जिल्ह्यात देवी काढण्याचं काम कसं चाललंय त्याचा अहवाल पाठवा. उन्हाळ्यात देवीची साथ यायची, आणि कुठल्या जिल्ह्याला जास्तीची लस आणि जास्तीची माणसं द्यायची ते या अहवालावरून ठरणार होतं. आमचे मोहतमीमसाहेब, म्हणजे दफ्तराचे वरिष्ठ, माणूस भला, पण घाईचा. त्यांनी एक सवालनामा तयार केला. लस चांगली पोचते का? लोक विरोध करतात का? फिरायला गावं किती? असे दहाबारा सवाल. तो जिल्ह्यातल्या सगळ्या देवी काढणाऱ्यांना टपालानं गेला.

पंधरा दिवसांत निम्म्याहून थोडे जास्त जवाब आले. काय सुंदर जवाब होते! लस वेळेवर पोचते. लोक खुषीनं पोरं आणतात. सब खैरियत है. एकाचं अक्षर तर असं, की कागद चौकटीत घालून भिंतीवर लावावा. मोहतमीमसाहेब खूष झाले. अहवालाचा मसुदा त्यांनी तिथल्या तिथं तोंडी सांगितला: जिल्ह्याला जास्तीची कशाचीच गरज नाही.

दस्तगीरसाहेबांच्या मेजावर दोन गठ्ठे होते. एक आलेल्या जवाबांचा. दुसऱ्यात, ज्यांचे जवाब आले नाहीत त्यांची नावं एकेका चिठ्ठीवर लिहून सुतळीनं बांधलेली. त्यांनी हा दुसरा गठ्ठा उचलला आणि मोहतमीमसाहेबांसमोर जाऊन उभे राहिले.

"हुजूर, हे लोक राहिले."

"राहिले तर राहिले. एवढ्या जणांनी सांगितलं ते काय खोटं आहे?"

"खोटं कसं म्हणू? पण हुजूर, ज्याच्या घरी सगळं ठीक आहे तो दार उघडतो. ज्याच्या घरी मय्यत पडलीय तो कुठून उघडणार? आपण उघड्या दारांतून डोकावून म्हणतोय, की मोहल्ल्यात सगळं ठीक आहे."

मोहतमीमसाहेबांनी घड्याळाकडं बघितलं आणि तीन आठवड्यांची सवड दिली. मला वाटतं, वाद घालण्यापेक्षा सवड देणं त्यांना सोपं गेलं.

दस्तगीरसाहेब माझ्याकडं आले. "रंगनाथराव, सवालनामा उर्दूत होता. ह्या गठ्ठ्यातले कितीजण उर्दू वाचतात?"

मी नावं बघितली. "निम्मेसुद्धा नसतील."

"मग कागद कुणाकडून वाचून घेत असतील?"

"गावच्या पटवाऱ्याकडून, नाहीतर पोलीस पाटलाकडून."

"आणि त्या पटवाऱ्याचीच पोरं टोचून घ्यायला तयार नसली, तर लोक विरोध करतात असं त्याच्याच हातानं लिहून घेणार?" ते हसले. "तुम्ही मराठीत लिहा. साधं लिहा, घरी पत्र लिहिल्यासारखं. आणि जोडीला जवाबी कार्ड पाठवू."

मी लिहिलं. अगदी शेवटी त्यांनी सांगून एक ओळ घालायला लावली: 'वाईट बातमी असली तरी कळवा, तुमच्यावर कोणी रागावणार नाही.' मोहतमीमसाहेबांना ही ओळ दाखवायचं आम्ही दोघंही विसरलो.

दुसऱ्या टपालाला जे जवाब आले, ते वाचताना आम्ही चहा प्यायचं विसरायला लागलो. लस उन्हानं नासून येते. एका माणसाकडं पन्नास गावं, आणि मधे नदी. एका गावात पोरं कणगीत लपवतात. एका माणसानं फक्त एवढंच लिहिलं होतं, 'टोचणी मोडून दोन महिने झाले.'

"बघितलंत?" दस्तगीरसाहेब म्हणाले. "एका हाकेत आले त्यांची खैरियत. दोन हाकांत आले त्यांची ही हालत. मग दोन हाका मारूनही जे नाही आले, त्यांचं काय असेल?"

असे सात जण उरले. दस्तगीरसाहेबांनी ठामपणे सांगून टाकलं, की हे सातही जण मोठ्या अडचणीत असणार. आणि मोहतमीमसाहेबांकडून त्यांनी चार दिवसांच्या दौऱ्याची परवानगी काढली. मला बरोबर घेतलं ते मराठी लिहायला.

जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्यांच्या घरी गेलो, तर बेगमसाहेबा पडद्याआडून बोलत होत्या. परभणीला दिलेल्या लेकीची तीन पत्रं येऊन पडलीत आणि वडिलांनी एकाचंही उत्तर दिलेलं नाही, अशी तक्रार चालली होती. "दुनियाभर के जवाब जमा करते फिरते, अपने घर का एक जवाब नई लिखते!" दस्तगीरसाहेब ओशाळले. मला म्हणाले, "मी स्वतः त्याच जमातीतला आहे हो. म्हणून तर ह्या लोकांचं दुखणं कळतं. लिहायचं मनात असतं. चांगलं लिहू, निवांत लिहू म्हणता म्हणता राहून जातं." मग तिथंच बसून त्यांनी चार ओळी खरडल्या आणि कार्ड माझ्या हातात कोंबलं. "तुम्हीच टाका पेटीत. माझ्या खिशात ईदपर्यंत राहील."

आम्ही मोटारीनं सिल्लोडला उतरलो आणि तिथून भाड्याच्या बैलगाडीनं निघालो. पहिलाच माणूस भेटला तो एका गावच्या चावडीसमोर. भोवती बायाबापड्यांची रांग, कडेवर रडणारी पोरं, आणि हा गडी घामानं निथळत एकामागून एक दंड टोचतोय. त्यानं आमच्याकडं वर बघितलंसुद्धा नाही. दस्तगीरसाहेबांनी ओळख सांगितली, तेव्हा म्हणाला, "सायेब, कागद आला व्हता. पर लिवू कवा? सकाळी एक गाव, दुपारी एक गाव. तुमी बसा तितं सावलीला, म्या एवढी रांग उरकतो." सगळ्या तालुक्यात त्याच्याइतकं काम कुणाचं नव्हतं.

दुसरा त्याच्या घरीच सापडला, दुपारची झोप काढताना. आमचा सवालनामा त्यानं कोंबड्यांच्या खुराड्याच्या फटीवर चिकटवला होता. अडचण त्याला कसलीच नव्हती, आळसाखेरीज.

गाडीत बसल्यावर दस्तगीरसाहेबांनी अहवालाचे कागद माझ्यापुढं सरकवले. मग म्हणाले, "लिहा रंगनाथराव. माझा अंदाज चुकला."

"असं कुठं लिहितात का अहवालात?"

"मग कुठं लिहितात? सातही जण मुसीबतीत असतील असं मी घरी बसून ठरवलं. मोहतमीमसाहेबांनी घरी बसून ठरवलं, की सब खैरियत. फरक काय राहिला दोघांत? न विचारता कुणाचाच जवाब आपण लिहू नये. चांगला पण नाही, वाईट पण नाही." मी लिहिलं.

वाटेत एक गोष्ट आपसूक कळली. ज्याचं अक्षर चौकटीत घालण्याजोगं होतं, त्याचं गाव मधेच लागलं. तो घरी नव्हता. शेजाऱ्यानं सांगितलं की तो वर्षभरात गाव सोडून कुठं गेलेला नाही. आज तेवढा बाजाराला गेलाय. सवालनामा मेहुण्यानं लिहून दिला होता. "काम नसलं की जवाबाला सवड असते," एवढंच दस्तगीरसाहेब म्हणाले.

वाटेत आणखी चौघे सापडले, कुणी अडचणीत, कुणी नुसता विसरलेला. तिसऱ्या दिवशी फर्दापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात पोचलो. तिथं देवी काढणाऱ्याचं नाव किसन. घर विचारत गेलो. दारात तिशी-पस्तिशीची बाई ज्वारी पाखडत होती. शेरवानी बघितली आणि तिच्या हातातलं सूप थांबलं.

"किसन आहे का घरी?" मी विचारलं.

"न्हाईत."

"कधी येईल?"

तिनं सूप पुन्हा पाखडायला घेतलं. दस्तगीरसाहेबांनी मला हातानं थांबवलं आणि ते तिथंच ओट्याच्या कडेला बसले. काही न विचारता. पाणी मागितलं, प्याले. अंगणात शेजारच्या बायकांची पाचसात पोरं खेळत होती. दस्तगीरसाहेबांनी एकीला जवळ बोलावलं आणि तिचा दंड बघितला. मग दुसऱ्याचा. सगळ्यांच्या दंडांवर देवीचे डाग, गोल, ठसठशीत. काहींवरची खपलीसुद्धा अजून पडली नव्हती.

"डाग ताजे आहेत," ते म्हणाले. "किसन चांगलं काम करतो."

बाईनं पदर तोंडाला लावला. "दिवाळीच्या आदुगर गेले ते, सायेब. जुलाबानं. दोन दिसांत."

"मग हे?"

"म्या."

तिचं नाव सारजाबाई. दहा वर्षं ती नवऱ्याबरोबर गावोगाव फिरली होती, पोरं धरायला. बघून बघून हात बसला होता. नवरा गेला, आणि आठ दिवसांनी हरकारा लसीच्या नळ्या घेऊन दारात उभा राहिला, नेहमीसारखा.

"मंग म्या काय करावं?" ती म्हणाली. "फेकाव्या का? उन्हात नासल्या असत्या. पल्याडच्या गावात देवी आल्या व्हत्या. म्या घेतल्या अन् टोचल्या. पुढच्या बारीलाबी घेतल्या. पगाराला म्या शिवले नाय, सायेब, त्यो तहसिलीत तसाच पडून आसंल. एक दिस बी नाय."

"दफ्तराला का नाही कळवलं?"

"कळवलं असतं तर नळ्या बंद झाल्या असत्या."

कोनाड्यातल्या डब्यातून तिनं आमचे दोन्ही कागद काढून आणले, न उलगडलेले. "वाचाया येत नाय. पर शिक्का बघितला अन् भ्याले."

मी दस्तगीरसाहेबांकडं बघितलं. ते टोपी काढून डोकं पुसत होते. खरं लिहिलं तर नळ्या बंद. न लिहिलं, तर न आलेल्या जवाबांमागं आयुष्यभर धावलेला माणूस आज स्वतःच एक कागद कोरा सोडणार.  मग ते म्हणाले, "बाई, मी एकेक सवाल वाचतो. तू जवाब दे. तू सांगशील तेच लिहू. आणि तू सांगितलं नाहीस ते मी लिहिणार नाही."

"सगळं लिवणार?"

"तू म्हणशील तर."

तिनं अंगणातल्या पोरांकडं बघितलं. "लिवा," म्हणाली. "पर नळ्या यायला पायजेत, हेबी लिवा." मग थोडं थांबून म्हणाली, "अन् तेबी लिवा, की मुसलमानाच्या आळीतल्या बाया गड्यांना दंड दावीत नव्हत्या, त्या मला दावत्यात."

ते तर मी ठळक अक्षरात लिहिलं.

परत आल्यावर जे व्हायचं ते झालं. मोहतमीमसाहेबांनी अहवाल वाचला आणि आवाज व्हरांड्यापर्यंत आला. "एक औरत? नेमणूक नाही, इजाजत नाही, आणि सरकारी लस टोचतेय? हा कागद हैदराबादला गेला तर जवाब मला द्यावा लागेल! काढून टाका हे पान."

"हुजूर," दस्तगीरसाहेब म्हणाले, "पान हुजूरांनी काढावं. माझा हात चालणार नाही. मी त्या बाईला सांगून आलोय, की लिहीन."

"नोकरीची फिकीर आहे की नाही?"

"आहे ना. म्हणून तर घरी अजून काही सांगितलेलं नाही." आणि तेच पान वर राहील असा अहवाल त्यांनी मेजावर ठेवला.

मोहतमीमसाहेबांनी अहवाल खणात टाकला आणि खण बंद केला.  तिसऱ्या दिवशी, अजिंठ्याची लेणी बघायला पाहुणे आलेत असं सांगून, मोटार घेऊन फर्दापूरकडं गेले. परत आले, तरी खण बंदच राहिला. दस्तगीरसाहेब त्या दिवसांत नीट जेवत नव्हते. इस्माईलचा चहासुद्धा अर्धा टाकायचे.

त्यानंतर पाचएक दिवसांनी सकाळी मोहतमीमसाहेब दफ्तरात आले ते डावा हात अंगाशी धरून. शेरवानीची बाही त्या दंडावर तटतटलेली. खुर्चीत बसताना हात मेजाला लागला आणि ते कळवळले. सगळे जण माना खाली घालून कागदात बघत होते. दस्तगीरसाहेब मात्र टक लावून दंडाकडं पाहत राहिले.

"हुजूर," ते हळूच म्हणाले, "डाग उठला म्हणायचा."

 मोहतमीमसाहेब लाल झाले. मग त्यांना हसू आवरेना. "मैं पूछने गया था उसको," ते म्हणाले. "तिनं मलाच विचारलं, सायेब, तुमच्या दंडावर हाय का डाग? मी म्हटलं, लहानपणीचा असेल. तर म्हणाली, लहानपणचा आता पुसला आसंल, बाही वर करा. मागं पन्नास बाया रांगेत बघत उभ्या! काय करणार होतो मी?" त्यांनी उजव्या हातानं खण उघडला, अहवाल काढला आणि सही ठोकली. पान काढलं नव्हतं. 'माझा अंदाज चुकला' ही ओळही काढली नव्हती.

जास्तीची लस आली, दोन माणसंही आली. टोचणी मोडलेल्याला टोचणी मिळाली. सुंदर अक्षराच्या माणसाला रोज फिरतीची डायरी लिहायचा हुकूम सुटला, तीही गावोगावच्या सह्यांनिशी. सारजाबाईला आधी एवजी, म्हणजे बदली म्हणून ठेवलं आणि पुढं कायम केलं. त्या उन्हाळ्यात देवी आल्याच, पण तिच्या टापूतली खेडी बरीचशी सुखरूप राहिली. हुकूम मिळाल्यावर तिनं कुणाकडून तरी कार्ड लिहवून पाठवलं होतं. त्यावर एकच ओळ होती: 'नळ्या पोचल्या.' दस्तगीरसाहेबांनी ते कार्ड दफ्तरात प्रत्येकाला वाचून दाखवलं, आणि ज्यानं ऐकून काहीच म्हटलं नाही त्याला पुन्हा वाचून दाखवलं.

दोनएक वर्षांनी ते निवृत्त झाले. माझी बदली झाली, आणि भेटी तुटल्या. एकदा संक्रांतीच्या सुमाराला कामानिमित्त औरंगाबादेत आलो होतो, तेव्हा वाट वाकडी करून उस्मानपुऱ्यात गेलो. गल्लीत शिरलो तर वरून आरडाओरडा ऐकू आला. बघतो तर दस्तगीरसाहेब घराच्या धाब्यावर, म्हणजे गच्चीवर! बंडी आणि लुंगीवर, दाढी पांढरीशुभ्र, बोटांना मांजा गुंडाळलेला, आणि आभाळात बराच वर त्यांचा हिरवा पतंग. खालून बेगमसाहेबांचा आवाज येत होता, "गिरोगे ना, तब समझेगा!" शेजारच्या धाब्यावर त्यांच्या निम्म्या वयाचा एक गडी पेच लढवत होता, आणि हे त्याला मोठमोठ्यानं डिवचत होते.

मी रस्त्यावरूनच हात वर केला. त्यांनी खाली बघितलं, ओळखलं. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून मानेनंच वाकून सलाम केला. तेवढ्यात मांजा सैल पडला. हिरवा पतंग एकदा गोता खाऊन सुटला आणि घरांवरून तरंगत निघून गेला. शेजारच्या धाब्यावर एकच कल्ला झाला.

दस्तगीरसाहेब तुटक्या मांज्याकडं बघून पोट धरून हसत होते. "रंगनाथराव," ते वरून ओरडले, "तुमच्या एका सलामापायी गेला की हो माझा पतंग! या वर, दुसरा बांधायला लागा!"